विसर्जनाचं बटण

हमरापूर, ता. पेण
सोमवार, ६ सप्टेंबर १९९९

ती. चंद्राताईस,

माझ्या हाताने केलेल्या वस्तू, सालवार :

१९७४. मिठागरावर बाबांसाठी पाण्याचा खारटपणा दाखवणारा तरंगता काटा. काचेची नळी, आत शिशाचे छर्रे. अजून बरोबर दाखवतो. १९८१. बिघडलेल्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा रंगफवारा. आज हमरापुरात असे सतरा आहेत, त्यातले अकरा मी केलेले. उरलेले सहा माझे बघून केलेले. १९८४. साडेतीन फुटी गणपतीचा नऊ तुकड्यांचा रबरी साचा. सोंडेचा तुकडा वेगळा, म्हणून सोंड तुटत नाही. १९८८. स्टॅबिलायझर, तांब्याची तार हाताने गुंडाळून, ११४० वेढे, मोजून. १९९३. पहिला संगणक, मुंबईहून गोणीत आणलेल्या भंगारातून. १९९५. ट्रकच्या बॅटरीवर संगणक चाळीस मिनिटं चालू ठेवणारी पेटी. १९९८. मुरादशेटच्या दुकानात, एका खऱ्या संगणकाच्या पोटात दोन मानलेले संगणक : एक बिलांचा, एक गोदामाच्या आवक-जावकीचा. शिक्षण : नववी नापास.

एवढं जसंच्या तसं टाइप करून मुरादशेटच्या टेबलावर ठेव. मुंबईच्या कंपनीने नवीन मशीन विकायला त्यांना गुळगुळीत कागदावर माहितीपत्रक दिलंय, तर म्हणे मीही माझा अनुभव लेखी द्यावा. दिला.

आता तुझं काम. तू तिथे बिलं करतेस म्हणून तुलाच सांगतो. औषधांच्या बिलांचा तुमचा प्रोग्रॅम जुना आहे, सालाचे दोनच आकडे लिहितो. वर्ष दोन हजार लागलं की त्याला '००' दिसणार. तो ते काय समजेल हे आधी बघितलं पाहिजे. पण चालत्या दुकानात मशीनची तारीख पुढे ढकलून खोटी बिलं करायची म्हणजे खऱ्या नोंदींत खोट्या मिसळणार. त्यावर मी इलाज काढलाय, आणि तो निघाल्यापासून तीन दिवस मला नीट जेवण गेलेलं नाही. मशीन बंद न करता, चालू असतानाच त्याच्या डिस्कचा तात्पुरता फोटो काढायचा! फोटो काढला की मूळ डिस्क तशीच गोठते. पुढे जे जे लिहिलं जाईल ते बाजूच्या एका फायलीत जातं. चाचणी झाली की बाजूची फाईल टाकून द्यायची. मशीन पुन्हा फोटोच्या क्षणाला.

पडद्यावर तीन पर्याय दिसतील : १ स्थापना, २ पाहणी, ३ विसर्जन. दीड दिवसासाठी आणायचं आणि परत पाठवायचं, त्याला हमरापूरचा माणूस दुसरं काय नाव देणार?

मुरादशेटला मी शब्द दिलाय. एकही नोंद हरवली तर मशीन मी स्वतः टेम्पोत घालीन आणि मुंबईवाल्यांना दार उघडून देईन. तेव्हा जपून.

चतुर्थीपर्यंत मला इथून हलता येत नाही, मूर्तींच्या कारखान्यांचे फवारे माझ्यावर चालतात. फोन करू नकोस, फोनवर बारकावे राहत नाहीत. तुमच्या टेम्पोचा नाथा रोज पेणला माल घ्यायला येतो, त्याच्या हाती कागद दे.

काळुराम

•

अष्टमी, रोहा
बुधवार, ८ सप्टेंबर

चि. काळुराम यास आशीर्वाद.

तुझा अनुभव टाइप केला. 'नववी नापास' गाळू का म्हणून मुरादभाईंना विचारलं, तर म्हणाले, "ठेवा ताई, तेच त्याचं सर्टिफिकेट हाय." तुझे तीन पर्याय वाचून मात्र खूप हसले. "काळुराम माझ्या दुकानात गणपती बसवतोय? बसव म्हणावं, जागेचं भाडं नाय घेणार."

मुंबईचे धनेशसाहेब काल येऊन गेले. गळ्यात टाय, आणि घामाने टायचा रंग शर्टाला लागलेला. तुझी पेटी बघून विचारतात, "ही कोणत्या कंपनीची?" नाथा म्हणाला, "ताईंच्या मावसभावाची." तर ते म्हणे, "अशा गोष्टी छंद म्हणून ठीक असतात." मला राग आला, पण मी चहा दिला. साखर कमी घातली.

आता मला सांग, मशीन चालू असताना फोटो काढतोस म्हणजे तो हलणार नाही का? आमच्या मिथुनच्या लग्नात फोटोवाला "हलू नका, हलू नका" करून दमला, तरी अल्बममध्ये सुनेचे तीन हात आलेत. मृणाली अजून तो फोटो कोणाला दाखवत नाही.

आणि रविवारपासून गोदामाची मोजणी आहे. एकेक बाटली बघून खरं साल लिहायचं, अशी मुरादभाईंची ऑर्डर. वह्या आणून ठेवल्यात.

जेवण वेळेवर घेत जा. शोध कुठे पळून जात नाही.

चंद्राताई

•

हमरापूर
गुरुवार, ९ सप्टेंबर

ती. चंद्राताईस,

आज नऊ-नऊ-नव्व्याण्णव. आज जगातली सगळी मशिनं बंद पडणार असं पेपरात होतं. माझी दोन्ही चालू आहेत. तुझं?

फोटोवाला "हलू नका" म्हणतो, मी म्हणत नाही, हीच तर गंमत! अशी कल्पना कर. मूर्ती पांढरी आहे. तिच्यावर पारदर्शक कागद ताणून बसवला आणि रंग कागदावर लावला. बघणाऱ्याला रंगवलेली मूर्तीच दिसते, पण मूर्तीला रंगाचा ठिपका नाही. मशीनला तसंच वाटतं की आपण डिस्कवर लिहितोय. आपण कागदावर लिहून घेत असतो. कागद काढला की मूर्ती कोरी. मशीनला एक क्षणही थांबवत नाही. मी तेवीस वेळा करून बघितलं, तेवीसही वेळा बरोबर.

फ्लॉपी नाथाकडे देतो. त्यावर फोटोचा प्रोग्रॅम आहे आणि मोजणीसाठी चार आकडी सालाचं नवीन पान आहे. शनिवारी दुकान बंद झालं की कर : स्थापना. तारीख १ जानेवारी २०००. दहा खोटी बिलं, गिऱ्हाईकाचं नाव 'चाचणी'. तारीख परत आणायची. विसर्जन. विसर्जन दाबल्याशिवाय मोजणी सुरू करायची नाही. खाली रेघ ओढलीय ती बघ.

बाजूच्या फायलीला साठ एमबी जागा दिलीय. दर वेळी मशीनने काही लिहिलं की नवीन पान जोडलं जातं, जुनं खोडत नाही. दहा बिलांना एक एमबीसुद्धा लागणार नाही. आणि विसरभोळ्या माणसांसाठी एक सोय मुद्दाम केलीय : विसर्जन राहिलं आणि मानलेलं मशीन बंद होऊन परत सुरू झालं, तर बाजूची फाईल आपोआप पुसली जाते. तात्पुरतं ते तात्पुरतंच.

वह्या परत कर. कागदावर लिहून मग मशीनवर चढवणं म्हणजे दोनदा काम आणि दोनदा चुका. नाथाने वाचावं, तू थेट मशीनवर टाइप करावंस.

काळुराम

•

अष्टमी
रविवार, १२ सप्टेंबर

चि. काळुराम,

ऐक! काल साडेसहाला शटर ओढलं आणि सांगितलं होतंस तसं केलं. मुरादभाई, नाथा आणि मी, तिघे पडद्यासमोर. तारीख टाकली, १ जानेवारी २०००. काही झालं नाही. नाथा म्हणाला, "धूर नाय निघाला व्हय?" त्याची निराशाच झाली.

दहाही बिलं बरोबर निघाली. मग मुदत संपलेल्या औषधांची यादी काढली आणि बघते तर काय, पानं संपेनात. ज्या ज्या बाटलीची मुदत सन २०००ची, ती प्रोग्रॅमच्या हिशेबी १९०० सालीच बाद झालेली. लहान मुलांचं खोकल्याचं औषध नव्व्याण्णव वर्षं शिळं! मुरादभाई म्हणाले, "म्हणजे आजोबांच्या आधीपासून आमचा माल हाय." हसले, पण कपाळावर हात होता. धनेशसाहेबांचा माणूस दोन महिने म्हणत होता, आमचं मशीन घ्या म्हणजे काही होणार नाही, पण काय होणार ते दाखवत नव्हता. तू चार दिवसांत दाखवून दिलंस. मुरादभाईंनी नाथाला ते तीनदा ऐकवलं.

आज सकाळपासून तुझ्या नवीन पानावर मोजणी सुरू केली. वह्या परत केल्या. नाथा बाटली उचलतो, नाव, बॅच, साल वाचतो, मी टाइप करते. दुपारपर्यंत रॅक सहापर्यंत आलो. नाथाला वाचताना सूर लागतो, कीर्तन ऐकल्यासारखं वाटतं.

बाकी काम सांगितल्याप्रमाणे. उद्या चतुर्थी, घरी मखर व्हायचंय, म्हणून आटोपते.

चंद्राताई

•

हमरापूर
बुधवार, १५ सप्टेंबर

ती. चंद्राताईस,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं, एकदा मोठ्याने, कारखान्यात. रंगाचे हात तसेच ठेवून सगळे ऐकत होते. नव्व्याण्णव वर्षं शिळं औषध! आजपर्यंत मी ज्या वस्तू केल्या त्या हाताला लागायच्या. ही पहिली वस्तू अशी, की जिला वजन नाही आणि तरी तिने एक अख्खं गोदाम वाचवलं.

आमचे गणपती काल गेले. या वर्षी मला विसर्जनाला गाणं सुचत होतं, म्हणजे बघ.

'बाकी काम सांगितल्याप्रमाणे' एवढं लिहिलंस. विसर्जन दाबलंस ना? होय किंवा नाही, एका शब्दात लिही.

काळुराम

•

अष्टमी
गुरुवार, १६ सप्टेंबर

चि. काळुराम,

रॅक अठ्ठावीस झाला. मुरादभाईंनी सगळ्यांना करंज्या दिल्या, म्हणजे त्यांच्या घरी नूरबानोंनी केलेल्या, खोबरं जास्त. कालपासून यादी क्रमाने लावताना मशीन जरा हळू चालतंय. तेवढं सोडलं तर झकास. आमचे गणपती अजून घरात आहेत, त्यामुळे सकाळी आरती, दुपारी गोदाम, आणि पाठ मोडलीय. जास्त लिहीत नाही.

चंद्राताई

•

अष्टमी
शनिवार, १८ सप्टेंबर, सकाळी दहा

काळू,

मशीन थांबलं. रॅक एकेचाळीसवर होतो. मी एक ओळ टाइप केली, एंटर दाबलं आणि पडदा तसाच राहिला. काही दाबलं तरी हलत नाही. दुसरं मानलेलं मशीन, आवक-जावकीचं, व्यवस्थित चालतंय. फक्त हे.

आता खरं लिहिते. विसर्जन मी दाबलं नाही. गेल्या शनिवारीही नाही, नंतरही नाही. कारण आत्ता विचारू नकोस, सांगता येणार नाही. मला वाटलं, मशीन तर चालतंय, तुझा कागद तसाच राहिला तर काय बिघडतं, तू आलास की तुझ्या हाताने काढशील. सहा दिवसांची मोजणी त्या कागदावर गेली का रे? वह्याही नाहीत. नाथाचं आणि माझं सहा दिवसांचं काम. आणि तुझा शब्द.

मुरादभाई म्हणतात, बंद करून चालू करूया, टीव्हीला करतो तसं. मी त्यांचा हात धरलाय. अक्षरशः धरलाय, आणि दुसऱ्या हाताने हे लिहितेय. नाथाला थांबवून ठेवलंय.

चंद्रा

•

पेण, एसटी स्टँडसमोर
शनिवार, दुपारी सव्वाबारा

ताई,

बंद करू नका. कोणीही. मुख्य बटण, मागची वायर, काही नाही. मशीन जिवंत आहे, त्याची फक्त जागा संपलीय. साठ एमबी भरले. सहा दिवस यादी क्रमाने लावताना ते तेच तेच परत लिहीत राहिलं आणि मी प्रत्येक वेळी नवीन पान जोडत राहिलो. बंद केलंत तर माझीच सोय तुमचे सहा दिवस पुसून टाकील. मीच लिहिलीय ती, आणि वर फुशारकी मारली.

ट्रकच्या बॅटरीची पेटी जोडलेली आहे का बघा. लाइट गेली तर चाळीस मिनिटं. नाथाला सांग, टेम्पोची बॅटरी काढून तयार ठेव.

तू विसर्जन दाबलं नाहीस याचा मला राग आलाय हे लपवत नाही. खाली रेघ ओढली होती गो ताई! माझ्या पंचवीस वर्षांच्या कामात कोणी इतकी साधी गोष्ट मोडली नव्हती. पण माझ्याकडेही एक गोष्ट नाही. कागदावरचा रंग मूर्तीवर उतरवायचा पर्यायच मी केलेला नाही. फेकायचं कसं तेवढंच लिहिलं. ठेवायचं कसं, ते आज घरी जाऊन लिहायला बसतोय. उद्या सकाळी नाथाने मला आणि माझ्या संगणकाला हमरापूरहून उचलावं.

काळुराम

•

हमरापूर
सोमवार, २० सप्टेंबर

ती. चंद्राताईस,

काल तू दुकानात नव्हतीस. मुरादशेट म्हणाले, "ताईंना आज घरी काम हाय," आणि गालात हसले. मी विचारलं नाही. पण जे झालं ते तुला कळलंच पाहिजे, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

साडेनऊला पोचलो. पडदा तुझ्या पत्रात होता तसाच. पहिलं काम, बाजूची फाईल माझ्या संगणकावर उतरवून घेणं. मधे केबल जोडली, माझीच केलेली, सात तारांची. ती सेकंदाला अकरा केबी नेते, म्हणजे साठ एमबीला एक तास बत्तीस मिनिटं. मुरादशेट खुर्ची घेऊन पडद्यावरच्या आकड्यासमोर बसले, क्रिकेटचा स्कोअर बघावा तसे. सतरा झाले, अठरा झाले. एकोणिसाव्या एमबीला लाइट गेली.

पंखा थांबला. पेटी चालू झाली. मी घड्याळ बघितलं, दहा वाजून एकोणीस. चाळीस मिनिटांत काम होणार नव्हतं. अकराला सहा कमी असताना पेटी कुरकुरायला लागली. नाथा टेम्पोची बॅटरी छातीशी धरून आला, लहान मूल आणतात तशी. "काढा ती, लावा ही."

मी म्हणालो, "काढायची नाय, नाथा. आधी ही जोडायची, मग ती सोडायची. मधे एक क्षण गेला तर सगळं गेलं."

"मग धरू कुठं?"

"इथे. हलू नको."

तर तो मला म्हणतो, "तुमी तर म्हणता हलू नको म्हणत नाय!" तू माझी पत्रं त्यालाही वाचून दाखवतेस हे मला काल कळलं.

जोडली. चाललं. अकरा बावीसला फाईल पूर्ण आली. मी बाइट मोजले, दोन्हीकडे सारखे. तेव्हा कुठे मी पाणी प्यालो.

आता उतरवणं. शनिवारी बसून जो प्रोग्रॅम लिहिला त्याचं तत्त्व सोपं आहे : बाजूच्या फायलीतली पानं पहिल्यापासून ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने मूळ डिस्कवर उतरवत जायची. मधे लाइट गेली तर घाबरायचं नाही, परत पहिल्या पानापासून, कारण बाजूची फाईल आपण बघतो फक्त, खोडत नाही. हे सुचलं तेव्हा मी जागेवर उठून उभा राहिलो होतो. घरच्यांना वाटलं, विंचू निघाला. अकरा मिनिटांत सगळी पानं उतरली, आणि तेवढ्यात लाइटही आली. चाचणीची दहा खोटी बिलंही त्यात उतरली, ती नंतर नंबर बघून रद्द केली.

उरलं एकच. मानलेलं मशीन बंद करून परत चालू करणं. म्हणजे बाजूची फाईल पुसणं. मी बोट ठेवलं आणि बोट खाली जाईना. मुरादशेटनी बघितलं. "सरक," म्हणाले. "बिस्मिल्ला," म्हणून त्यांनीच दाबलं, आणि नाथा मागून ओरडला, "मोरया!"

मशीन उठलं. मोजणीच्या ओळी मागितल्या. ३८०६.

मी खूश झालो, तर नाथा दरवाजाकडे गेला. त्याने प्रत्येक रॅकच्या ओळी गोदामाच्या दरवाजावर खडूने मांडल्या होत्या. मी कागद नको म्हटलं होतं, दरवाजा नको म्हटलं नव्हतं. त्याने बेरीज केली, मी केली, मुरादशेटनी केली. ३८०७.

एक ओळ कमी. माझा शब्द एका ओळीचाच होता. मुरादशेट हळूच म्हणाले, "एक बाटली, काळुराम. मी नाय मोजत." मी म्हणालो, "मी मोजतो." आणि वायर गुंडाळायला घेतली, खरंच घेतली.

मग आठवलं. मशीन परत चालू करण्याआधी सवयीने मी पडद्यावर जे दिसत होतं ते पेनाने हातावर उतरवून घेतलं होतं. डाव्या मनगटावर, घामाने थोडं फिसकटलेलं : डोळ्यांचे थेंब, बॅच ७७१, जून २०००, नग २४. तू एंटर दाबलंस आणि मशीनला ती लिहायला जागाच मिळाली नाही. ती ओळ डिस्कवर कधी गेलीच नव्हती. जगात ती फक्त त्या काचेवर होती. रॅक एकेचाळीसला गेलो, बाटल्या मोजल्या, चोवीस. टाइप केलं. ३८०७!

मी त्या गोदामात नाचलो, ताई. नाथा साक्षीदार आहे. येताना टेम्पो ढकलून सुरू करावा लागला, बॅटरी संपली होती, आणि आम्ही तिघे ढकलताना ओरडत होतो. रोह्याच्या पुलावर लोक थांबून बघत होते.

राग गेला. पण कारण सांग. मला न समजलेली गोष्ट माझ्याच मशीनमध्ये शिल्लक राहिलेली चालत नाही.

काळुराम

•

अष्टमी
बुधवार, २२ सप्टेंबर

चि. काळुराम यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी रडले आणि हसले, दोन्ही एकदम, आणि शेवटी मृणालीला वाचून दाखवलं. आता सांगते. काल तिला तिसरा सरला. रविवारी डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं, सगळं छान आहे. तू मामा-आजोबा होणार.

तीन महिने पुरे होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, हे तुलाही ठाऊक आहे. आणि घरात पोटुशी बाई असली की आपल्याकडे गणपती पाण्यात देत नाहीत, बाळ होईपर्यंत घरातच ठेवतात, हेही तुला ठाऊक आहे. अरे, मूर्तींच्या गावात राहतोस! 'आमचे गणपती अजून घरात आहेत' असं मी लिहिलं, तेव्हाच तुझ्या लक्षात येईल वाटलं होतं. दीड दिवसाचे गणपती आमचे, दरसालचे. तुला यादीचा क्रम समजतो, हे नाही समजलं.

ज्या हाताने घरची मूर्ती हलवायची नाही, त्याच हाताने दुकानात 'विसर्जन' दाबायचं? चाचणीच्या शनिवारी बोट तिथपर्यंत नेलं होतं. मला माहीत आहे, ते मशीन आहे. तिथे ना मूर्ती, ना पाणी. पण गेल्या वर्षी तिचं एकदा वाया गेलं, ते मी तुला सांगितलं नव्हतं. त्यानंतर माझा हात धजेना. हसायचं तर हस. नाथाला दाबायला सांगितलं असतं, तर त्याने विचारलं असतं, का?

मुरादभाईंना मात्र शुक्रवारीच कळलं. नूरबानो करंज्या घेऊन आल्या होत्या, मृणालीने वास आल्याबरोबर तोंड फिरवलं, आणि त्या बाईने घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. म्हणून ते गालात हसत होते.

मोजणी काल पूर्ण झाली. ४३१२. दरवाजा धुतला नाही, नाथा धुऊ देत नाही.

माझ्यामुळे तुझा शब्द जाता जाता राहिला. त्याबद्दल रागाव, मी ऐकून घेईन.

चंद्राताई

•

हमरापूर
सोमवार, २७ सप्टेंबर

ती. चंद्राताईस,

पेढे नाथाकडे दिलेत, पाव किलो, मोजून घे, तो वाटेत खातो. मृणालीला म्हणावं, बाळासाठी पाळणा मी करणार. बेअरिंग घालून, आवाज न करणारा. लाकूड बघून ठेवलंय.

रागावू कसा? मी सगळे बारकावे लिहिले, एमबी लिहिले, रेघ ओढली. बटणाला जे नाव दिलं ते दाबणाऱ्या माणसाच्या घरात काय चाललं असेल, तेवढं विचारात घेतलं नाही. चूक माझ्या यादीतली आहे, तुझ्या हातातली नाही. आता पर्याय असे आहेत : १ फोटो, २ पाहणी, ३ काढून टाका, ४ कायम करा. आणि मशीन बंद झालं तर फाईल आपोआप पुसली जात नाही, आधी विचारते. ते विचारणारं वाक्यही मी तीनदा बदललं, कोणालाही दाबताना भीती वाटू नये असं. चौथा पर्याय मशीन चालू असतानाच चालतो. काल एकतीस वेळा करून बघितला. मधेच मुद्दाम वायर उपटूनही! तू विसर्जन दाबलं असतंस, तर हा पर्याय मला जन्मात सुचला नसता.

आता बातमी. शुक्रवारी धनेशसाहेब इथे आले होते, गाडी घेऊन, शेताच्या बांधापर्यंत. मुरादशेटनी त्यांना मशीन घ्यायला नकार दिला आणि वर दरवाजावरची बेरीज दाखवली म्हणे. ते दोन तास बसले. मी चौथा पर्याय करून दाखवला, चालत्या मशीनवर. माणूस हुशार आहे, लगेच समजला. खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "हे आमच्याकडे कोणालाच जमलेलं नाही." टाय काढून खिशात ठेवला. हा छंद आहे, असं या वेळी म्हणाला नाही.

मग अटी सांगितल्या. प्रोग्रॅम पूर्ण त्यांचा. नाव त्यांचं. दुकानात जाईल तो बंद करून, आत कोणालाही हात घालता येणार नाही असा. मलाही नाही. काही अडलं तर त्यांच्या मुंबईच्या ऑफिसला फोन करायचा, तीन दिवसांत माणूस येईल.

मी विचारलं, "आणि दुकानात काम करणाऱ्या बाईने बटण दाबलं नाही तर?"

"तसं होणार नाही," म्हणाले. "आम्ही ट्रेनिंग देतो."

शनिवारी तू मुरादशेटचा हात धरून बसली होतीस, आणि मी घरी स्वतःचाच प्रोग्रॅम उघडून त्यात हात घालू शकलो, म्हणून त्या ३८०७ ओळी आहेत. बंद असता तर तीन दिवस फोन करत बसलो असतो. हे मी त्यांना समजावलं, दोनदा. मग चहा दिला, साखर पूर्ण घातली, आणि नाही म्हटलं. गाडीत बसता बसता त्यांनी रक्कम वाढवली, काच खाली करून. तेव्हाही नाही म्हटलं. तीन लाख पंचवीस हजार रुपये.

काळुराम